धुक्यातलं प्रतिज्ञापत्र

मंगळवार, १७ जानेवारी १९८४, सकाळी साडेदहा. अमौसी विमानतळावरचे मेकॅनिक देवानंद मेश्राम यांनी लखनौच्या कचहरीत प्रतिज्ञापत्र केलं, की आपल्या स्कूटरचं नोंदणीपुस्तक हरवलं आहे. त्यांचं प्रेत गोमतीतून काढलं, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

दुसरं पुस्तक तयार असल्याचं परिवहन कार्यालयाचं कार्ड घरी आलं, तेव्हा त्यांच्या पत्नी द्रौपदीबाई अलीगंजला सुनीती देवधर यांच्याकडे आल्या. सुनीती खाजगी तपासाची कामं घेत. सुनीतींचा धाकटा दीर भास्कर बँकेतून सुटला की मदतीला येई.

"पुस्तक हरवलेलंच नाही. माझ्या पेटीत आहे," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मला स्कूटरचं काही नको, ताई. ते जिवंत आहेत का, एवढं सांगा."

"प्रेत कुणी ओळखलं?"

"दिरानं, भाऊरावांनी. मला पाहू दिलं नाही. स्कूटर काठावर उभी होती, तीही तेच सरोजिनी नगरला, आपल्या घरी घेऊन गेले."

कचहरीतल्या शपथ आयुक्तांना, गजेंद्र सक्सेनांना, तो माणूस आठवत होता.

"मफलर लपेटे थे, आँखें ही दिखीं. लाइसेंस दिखाया, एकदम साफ़-सुथरा." ते थांबले. "नीचे छपा रहता है, ईश्वर मेरी मदद करे. बोले, इसे काटिए, हम सत्य की प्रतिज्ञा करेंगे. कलम देते वक्त हाथ छू गया साहब. बर्फ़ था."

बाहेर धुकं उतरलं होतं. भास्करने मफलर घट्ट केला, मग काढूनच टाकला.

"वहिनी, देवानंद बौद्ध होते. ते देवाचं नाव घेणार नाहीत. लायसन्सही त्यांचंच. म्हणजे तेच आले होते."

"चालत आले की पोहत, भावजी?"

स्कूटर विकत घेणार होते नंदकुमार, भास्करच्याच बँकेतले अधिकारी. "देवाशपथ, कचहरीची पायरी चढलो नाही," ते म्हणाले. "दोन दिवस चालवून पाहिली. भाऊरावांना म्हटलं, पुस्तक आणा, मग बोलू."

"डिक्कीत काय होतं?"

"पान्हा, फडकं, कसलेसे कागद. मी हात लावला नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता भाऊराव आले. "जयभीम, वहिनी," असं म्हणून द्रौपदीबाईंच्या समोर बसले. सगळं नाकारलं.

सुनीतीने ऐकून घेतलं. "नदीतून निघालेल्या खिशातलं लायसन्स साफसुथरं नसतं. हे पाण्यात गेलंच नव्हतं, डिक्कीत होतं. म्हणून देवानंद परत आले असते, तरी ते त्यांच्याजवळ नसतं. स्कूटर दोघांच्याच हाती होती. नंदकुमार साध्या बोलण्यातही देवाची शपथ घेतात. ती छापील ओळ त्यांना खुपलीच नसती. राहिलात तुम्ही. खोट्या कागदावर सही केलीत, भाऊराव, पण ती ओळ काही सोसली नाही. आणि कार्ड तुमच्या दादांच्या पत्त्यावर जाईल, हे विसरलात."

भाऊरावांनी खिशातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं.

"वहिनी पुस्तक देत नव्हत्या. मला ती गाडी दारात नको होती. चालवताना मागं कुणीतरी बसलेलं असायचं. वजन जाणवायचं."

भास्करने खुर्ची भिंतीपाशी सरकवली.

"भाऊजी," द्रौपदीबाईंनी विचारलं, "तुम्ही चेहरा पाहिला होता?"

भाऊरावांनी टेबलावरचं लायसन्स पालथं केलं.

"गणवेश पाहिला. विमानतळाचा. चेहरा राहिला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिज्ञापत्र खोटं असल्याचं कळवायला सगळे परिवहन कार्यालयात गेले. कारकुनाने मान वर केली नाही.

"दूसरी किताब? वो तो मालिक खुद ले गए. कल, चार बजे के आसपास."

भास्करने भाऊरावांकडे पाहिलं. काल चार वाजता ते त्यांच्यासमोरच बसले होते.

कारकुनाने रजिस्टर फिरवून पुढे केलं. पोच म्हणून केलेली सही निळ्या शाईत होती. द्रौपदीबाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"ओळखीची आहे?" सुनीतीने हळू विचारलं.

द्रौपदीबाईंनी पदर सावरला आणि दाराबाहेर पाहिलं. सही कुणाची, हे त्यांनी अद्याप सांगितलेलं नाही.