तायडीसाठी ठेवलेला निरोप

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हे मी कुणापाशी बोलत नाही.

माझा धाकटा भाऊ बंदरावर पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले पाण्याखाली जाऊन खरवडायचे, हे त्याचं काम. दर सुट्टीत त्याचा फोन यायचा. तायडे, एक दिवस काढून ये, सगळं शहर पायी दाखवतो. आधी पायऱ्यांच्या चौकात चहा, मग दोरखंडांची गल्ली, मग दीपगृह. आणि दर सुट्टीत मी पेपर तपासायचे आहेत म्हणून टाळायचे. एका हिवाळ्यात तो खाली गेला, आणि वर आणला तो निष्प्राण. ओळख पटवायला मीच गेले होते. त्याच्या गार कपाळावर हात ठेवला होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला शंका नको.

तीन महिन्यांनी त्याचं सामान न्यायला कंपनीने बोलावलं. एक पेटी, दोन स्वेटर, दाढीचं सामान. दहालाच काम आटोपलं आणि परतीची बस होती संध्याकाळची. पेटी स्टँडवर ठेवली आणि ठरवलं, त्याने सांगितलेलं शहर आज बघायचंच.

चौकातल्या चहावाल्याने कप पुढे करता करता विचारलं, तुम्ही ताई ना? तुमचे भाऊ आत्ताच गेले. धक्क्यावर वाट बघतो म्हणाले.

माणूस चुकतोय, असं मनाला बजावलं. पण चहा अर्धाच ठेवून निघाले.

दोरखंडांच्या गल्लीत डांबराचा आणि ओल्या तागाचा वास कोंडला होता. एक म्हातारी उंबऱ्यात बसून दोराचे पीळ सोडवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, तुझा भाऊ येऊन गेला गं, हनुवटीवर खूण असलेला.

ती खूण माझ्या सायकलवरून पडल्याची होती. सायकल मी चालवत होते.

"धक्क्यावर ये म्हणालाय," ती म्हणाली. "एकटीच ये."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली नाही. मी धावत सुटले. तो गेलाय हे ठाऊक असूनही एकच मनात होतं, या वेळी तरी त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

धक्क्याचा रस्ता दीपगृहाच्या फाटकावरून जातो. भर दुपार होती, पण समुद्रावरून धुकं चढत आलं होतं आणि पुढचं काही दिसत नव्हतं. फाटकातून दीपगृहाचा राखणदार बाहेर आला आणि माझ्या वाटेत उभा राहिला.

"तुमच्यासाठी निरोप आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमच्या भावाचा. तासभर इथे बसून होता."

"काय म्हणाला?"

त्याने एकदा धुक्याकडे पाहिलं.

"म्हणाला... तायडीला इथूनच परत पाठवा. धक्क्यावरून बोलावतोय, तो मी नाही."

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"तायडे..."

त्याचाच आवाज. शेवटचं अक्षर ओढायची तीच लकब.

"तायडे... थंडी वाजतेय गं..."

राखणदाराने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मी ते सोडवलं. मग पाठ फिरवली आणि चालू लागले. हाका मागून येत होत्या, एकेक बारीक होत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी त्याला वर्गात सोडून निघाले, तेव्हा तो असाच रडत राहिला होता.

मी सुखरूप घरी आले. पण तेव्हापासून नीट झोप नाही. निरोप माझ्या भावाचा होता, की हाक? आणि हाक त्याची असेल, तर मी त्याला पुन्हा एकदा तिथेच टाकून आले.

गेल्या गुरुवारी शाळेतून परतले, तर शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. म्हणाल्या, तुमचे भाऊ येऊन गेले, बराच वेळ दाराशी थांबले होते. मी विचारलं, काय म्हणाला?

"एकजण तुमची यायची वेळ विचारत होता," काकू म्हणाल्या. "दुसरा त्याच्या मागे उभा राहून नुसता रडत होता."