गणित सातवीत, डबा पाचवीत

माझी आई म्हणते, योगिनीला शेजारी कोण बसलंय ते बघून बोलायची सवय नाही. खरंय ते. त्या शनिवारी मी बघून बोलले असते, तर आज सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

येवल्याच्या एका शाळेत मी गणित शिकवते. आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी शाळा सुटली की एसटीनं नाशिकला, घरी. डिसेंबर होता, खिडकीतून बोचरा वारा येत होता. शेजारच्या माणसानं काही न विचारता हात लांब करून काच सरकवली. तिशीच्या आतला, सावळा, मांडीवरचं कापडात गुंडाळलेलं खोकं तान्ह्या बाळासारखं धरलेला. मी लाल पेन दाबून दाबून वह्या तपासत होते. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, एवढा राग कुणावर काढताय?

झालं. मला तेवढंच पुरतं.

सगळं सांगून टाकलं मी. माझ्या पाचवीत वेदिका नावाची मुलगी आहे, सातवीची गणितं तोंडी सोडवते. पाचवीच्या तासाला तिला करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून वहीच्या समासात मोर काढत बसते. मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून मी परवानगी काढली, की हिनं गणितापुरतं सातवीत बसावं. वडील ट्रकवर, महिना महिना बाहेर. आई म्हणते, शाळेचं सगळं तिचे काका बघतात. आणि हे काका... तीनदा संमतीपत्र पाठवलं, तीनदा परत आलं. सहीच्या जागी एकच शब्द — 'नको'. येत्या शुक्रवारपर्यंत सही नाही आली, तर परवानगी गेली आणि पोरीचं वर्ष गेलं.

"अक्षर मात्र सुरेख आहे मेल्याचं," मी म्हणाले. "अशा माणसाला वर्षभर नुसता दोनचा पाढा म्हणायला बसवायला पाहिजे. मग कळेल, येणारं तेच तेच करायला लावलं की कसं वाटतं."

तो खोक्याकडे बघून हसत होता. निफाडला गाडी थांबली तेव्हा त्यानं पेरू घेतला, तिखटमीठ लावलेली मोठी फोड माझ्यापुढे केली, आणि सावकाश म्हणाला,

"दोनचा पाढा येतो मला, मॅडम. पण अक्षर सुरेख म्हणालात... ते आवडलं."

पेरू माझ्या घशातच अडकला.

सोमनाथ त्याचं नाव. पैठणी विणतो. खोक्यात पैठणीच होती, नाशिकच्या दुकानात पोचवायची. माफी मागणं मला जमत नाही, म्हणून मी सरळ विचारलं, नको म्हणजे का नको? चांदोरी येईपर्यंत तो खोक्यावरच्या कापडाची गाठ सोडत-बांधत राहिला. मग बोलला. तोही असाच होता म्हणे. चौथीत असताना गुरुजींनी त्याला गणिताला सहावीत नेऊन बसवलं. शाळेत कोणी साहेब आले की याला फळ्यापुढे उभं करायचे. गल्लीत सगळे त्याला 'हुशार' म्हणूनच हाक मारायचे. नववीत बीजगणितात एका ठिकाणी अडला. कळेचना. पण विचारणार कसं, हुशार मुलगा कधी विचारतो का? महिनाभर कळल्याचं सोंग केलं, मग पोट दुखायला लागलं, मग शाळाच सुटली आणि तो वडिलांच्या हातमागावर बसला.

"वेदीचं तसं व्हायला नाय पाहिजे," एवढंच तो म्हणाला.

मी वह्या पिशवीत भरल्या. नाशिकला निमाणी स्टँडवर उतरताना त्यानं माझी वह्यांची जड पिशवी खाली घेऊन दिली आणि पिशवी देता-घेता बोटं बोटांना लागली... उगाच, तेवढ्यापुरतीच. रविवारभर मला त्याचा राग येत होता आणि तो आठवतही होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेले. भांडायला. खोलीवर जाऊन आधी साडी बदलली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुढच्या खोलीत माग होता. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून दोघांना शेजारी बसता येईल अशी फळी, फळीवर सोमनाथ आणि त्याच्या बाजूला वेदिका. घरातच ठेवायच्या एका तुकड्यावर ती मोर विणत होती, हौस म्हणून. तिच्या आईनं, सुवर्णाताईंनी, मला चहा दिला आणि कौतुकानं सांगितलं, की इथे नवीन माणूस वर्षभर साधा काठच विणतो, मोराला कोणी हात लावू देत नाही. पण हिच्या काकानं हिला दोन महिन्यांतच मोरावर बसवलं. बोटं तयार आहेत म्हणाला.

तेवढ्यात वेदिका म्हणाली, काका, चुकलं. मोराच्या मानेत भलताच रंग गेला होता. दोघांनी डोकी जवळ आणून चार ओळी उसवल्या आणि ती पुन्हा विणायला लागली. घरात कोणाला त्याचं काही वाटलंसुद्धा नाही.

मी कप खाली ठेवला.

"इथे तर तुम्हीच हिला पुढे नेलंत," मी म्हणाले. "आणि चुकलं की ती लगेच सांगते, कारण तुम्ही शेजारी असता. गुरुजींनी तुम्हाला पुढे बसवलं यात त्यांचं काही चुकलं नाही. बसवून ते निघून गेले, ते चुकलं. मी जाणार नाही. मी बसेन हिच्या शेजारी."

माग थांबला. सोमनाथ माझ्याकडे बघत राहिला, आणि मीही नजर काढली नाही... कान मात्र चांगलेच तापले होते.

"मला कोणी विचारलंच नाही," वेदिका म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. खरंच, दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. शिक्षिका म्हणून मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून जात नाही.

"गणिताला मी सातवीत बसेन," ती म्हणाली. "पण डबा पाचवीतच खाणार. सरितासोबत."

शुक्रवारी संमतीपत्र आलं. खाली सही होती, आणि सहीखाली त्याच सुरेख अक्षरात — 'अडलं तर विचारू द्यावं.' मी त्याची झेरॉक्स काढून माझ्याकडे ठेवली. कशाला, ते त्या वेळी मी स्वतःलाही विचारलं नाही.

मग मी संध्याकाळी वेदिकाची प्रगती सांगायला त्यांच्याकडे जायला लागले. प्रगती पाच मिनिटांत सांगून व्हायची, चहाला तास लागायचा. एकदा सोमनाथनं अगदी साळसूदपणे विचारलं, गणिताच्या मॅडमचा वेळेचा हिशेब असा कसा चुकतो? मी म्हटलं, चहा फार गरम असतो. दुसऱ्या दिवशी त्यानं बशीत ओतून, फुंकर घालून दिला, तरी तासच लागला.

तिसऱ्या आठवड्यात सातवीत ऋण संख्यांचा गुणाकार आला. शिकवून झाल्यावर मी विचारलं, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणाला. पहिल्या बाकावर एक छोटा हात वर झाला.

"मॅडम, मला नाही समजलं. वजाला वजानं गुणलं तर अधिक का होतं?"

मागे कोणीतरी हसलं. पण मग आणखी एक हात वर आला, मग चार, मग मोजायचे सोडून मी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

ते सांगायला मी संध्याकाळी जवळजवळ पळतच गेले. सोमनाथ मागावर एकटाच होता. त्यानं सगळं ऐकलं. डोळे पुसले, लपवले नाहीत. मग हातातला धागा बाजूला ठेवला आणि... त्यानं हात वर केला. वर्गात करतात तसा.

"विचारा," मी म्हणाले. आवाज कसाबसा मास्तरणीचा ठेवला.

"दोन आहेत. नववीतलं ते अजून कळलेलं नाय. शिकवाल?"

"शिकवेन. दुसरं?"

हात तसाच वर होता.

"नाशिकला तुमच्या आईबाबांना भेटायला यायचंय. आपल्या दोघांचं विचारायला... पण वेदीला न विचारता एकदा चुकलो. म्हणून आधी तुम्हाला विचारतो."

उत्तराआधी पायऱ्या मांडा, असं मी प्रत्येक वर्गाला बजावते. त्या संध्याकाळी मी एकही पायरी मांडली नाही. पायातच राहिलेल्या चपला काढल्या आणि फळीवर त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"हात खाली घ्या आता," मी म्हणाले, "आणि शनिवारच्या बसची दोन तिकिटं काढा."