दोष आढळला नाही

प्रणिता मगदूम जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या वर्तुळात उभी राहिली आणि तिने हातातलं बटण दाबलं. समोर सहा मीटरवर पट्ट्यांनी बांधलेल्या मोटरसायकलचं मागचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. ना चाकाचा आवाज, ना मोटरचा. मग तिच्या कानाशी, अगदी कानाशीच, वाळक्या पानांतून कुणी झपाट्याने येत असल्यासारखं सळसळलं. ती दोन पावलं डावीकडे सरकली. सळसळ थांबली. ती परत मध्ये आली, तशी पुन्हा सुरू झाली.

"वाजतंय," ती म्हणाली.

गाडीशेजारी उभ्या असलेल्या अल्ताफ मोमीनला काहीच ऐकू आलं नव्हतं. येणारच नव्हतं.

इचलकरंजीत हॉर्नवर बंदी येऊन सहा वर्षं झाली होती. विजेच्या गाड्या मुळातच मुक्या. त्या आल्याचं समोरच्याला कळावं म्हणून कंपनीने 'चाहूल' काढली. हँडलखालच्या ज्या यंत्रणेतून चालवणाऱ्याला गाणी आणि रस्त्याची दिशा ऐकू यायची, तिच्याच पुढच्या तोंडाला तळहाताएवढी एक चकती बसवलेली असायची. बॅटरीने उजेडाचा झोत टाकावा तसा ती आवाजाचा झोत टाकायची. गाडीच्या वाटेत आलेला माणूस कॅमेरा हेरायचा आणि चकती हा ध्वनिझोत नेमका त्याच्या डोक्यावर सोडायची. शेजारून चालणाऱ्याला, खिडकीत बसलेल्याला, खुद्द गाडीवाल्यालाही त्यातलं काही ऐकू जायचं नाही. शहर शांत झालं. कापडाचे यंत्रमागसुद्धा आता काचेच्या बंद पेट्यांत जवळजवळ निःशब्द चालत. लोकांना ही शांतता आवडली होती.

चाहूल ध्वनियंत्रणेचाच भाग असल्यामुळे तिलाही पाच वर्षांची वॉरंटी होती, आणि कंपनीच्या इथल्या वॉरंटी केंद्रात ती तपासायचं काम प्रणिताकडे होतं. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, पाणी शिरलेले स्पीकर, गाण्यातली खरखर हे सगळं तिला पाठ होतं. अल्ताफची तक्रार मात्र वेगळी होती, आणि तीन आठवड्यांत ही त्याची तिसरी खेप होती.

"तुम्हाला ऐकू येतंय, ते खरं असंल मॅडम," तो म्हणाला. कारखान्यांतून कापडाचे नमुने व्यापाऱ्यांकडे पोचवण्याचं काम तो करायचा. दिवसभर गाडीवर. "पण जॉबर गल्लीत शिरलो की माणसं हलतच नाहीत वो. मी ब्रेक मारून उभा राहतो, तोंडानं ओरडतो, तवा कुठं वळून बघतात. आणि अशी दचकतात! गाडी वाजत असती तर दचकली असती का?"

"लक्ष नसेल त्यांचं, अल्ताफभाई."

"एकाचं नसंल. सगळ्यांचंच कसं नसंल?"

प्रणिताने पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. आवाजाची पातळी बरोबर, झोताची रुंदी बरोबर, दिशा बरोबर. तपासणीच्या अर्जावर तीन चौकोन होते: दोष आढळला, वापरातली चूक, दोष आढळला नाही. तिने तिसऱ्यावर खूण केली.

"वॉरंटी अजून नऊ दिवस आहे," ती म्हणाली. "तेवढ्यात काही वाटलं तर या."

"सायकलची घंटा तरी बसवू का हँडलला?"

"बसवलीत तर यंत्रणेत फेरफार केला असं धरतात. वॉरंटी जाते. पोलिसांनी पाहिलं तर गाडीही जाते."

अल्ताफने सीटवरचं हेल्मेट उचललं. "म्हणजे वाजतंय का न्हाई ते मला कधीच कळणार न्हाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो हेल्मेट घालून निघून गेला.

सहाव्या दिवशी त्याची गाडी पुन्हा केंद्रात आली, पण पोलिसांच्या टेम्पोतून.

जॉबर गल्लीत एक म्हातारा दारासमोर चादर वाळत घालत होता. ती नीट ताणण्यासाठी तो दोरीपासून मागे मागे सरकत रस्त्यावर आला. अल्ताफने त्याला लांबूनच पाहिलं होतं. वेगही फार नव्हता. पण चाहूल आल्यापासून सगळेच गाडीवाले जे करायचे तेच त्याने केलं. गाडी समोरच्याला सांगेल आणि समोरचा सरकेल, असं धरून तो पुढे गेला. ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. एकाहत्तर वर्षांच्या मलगोंडा तेरदाळेंच्या खुब्याचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला.

पोलिसांना वॉरंटी केंद्राचा दाखला हवा होता. ध्वनियंत्रणा बिघडलेली असेल तर जबाबदारी कंपनीची; चालू असेल तर चालवणाऱ्याची. प्रणिताने गाडीची नोंदवही उघडली. धडकेआधीच्या चार सेकंदांत चाहुलीने म्हाताऱ्याच्या डोक्यावर तीनदा झोत टाकला होता. तिन्ही वेळा नेम अचूक.

दाखला पाच मिनिटांत झाला असता. पण अल्ताफचं 'सगळ्यांचंच कसं नसंल' तिच्या डोक्यातून जाईना. तिने वर्षभरातले जुने अर्ज काढले. 'वाजत नाही' अशा तक्रारीच्या एकतीस गाड्या आल्या होत्या. एकतीसही अर्जांवर तिसऱ्या चौकोनात खूण होती आणि खाली तिची सही होती. गाडीवाले निरनिराळ्या भागांतले होते, पण तक्रारीच्या रकान्यात त्याच चार-पाच गल्ल्यांची नावं पुन्हा पुन्हा येत होती. सगळ्या जुन्या मागवाल्यांच्या वस्तीतल्या.

अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक प्रश्न होता. 'समोरील व्यक्तीस आवाज ऐकू आला काय?' तो आजवर कुणी भरला नव्हता. प्रणितानेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाचणीसाठी ठेवलेलं चाहुलीचं सुटं यंत्र पिशवीत घातलं आणि ती जॉबर गल्लीत गेली.

तेरदाळेंचं घर दोन खोल्यांचं होतं. म्हातारा कॉटवर उताणा पडला होता, डोक्याला पट्टी होती. त्यांची बायको, सुगंधाकाकू, दारातच उभ्या होत्या. प्रणिताने आपण कोण ते सांगितलं.

"मोठ्यांदा बोल बाई!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "ह्यांनी चाळीस वर्षं जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती केलीया. मी सुताच्या कांड्या भरल्या. आमच्यात असंच बोलायचं असतंय!"

प्रणिता थबकली. जुन्या मागांच्या कारखान्यात शेजारच्या माणसाशीही हातवाऱ्यांनी बोलावं लागायचं, हे तिने ऐकलं होतं. पण असा कारखाना तिने कधी चालू पाहिला नव्हता. तिने पिशवीतून यंत्र काढलं, स्टुलावर ठेवलं, चकती म्हाताऱ्याच्या डोक्याकडे वळवली आणि बटण दाबलं.

"आण्णा, काही ऐकू येतंय?"

"काय?"

"आवाज! काही आवाज येतोय का?"

"तुझा येतोय की."

तिने जोर वाढवला. मग नियमात बसतो त्याच्या शेवटापर्यंत वाढवला. म्हातारा छताकडे बघत राहिला. तिने यंत्र काकूंकडे वळवलं. काकू तिच्याकडे उत्सुकतेने बघत होत्या, पुढे काय होणार याची वाट बघत. स्वतःची खात्री करण्यासाठी प्रणिताने आपलं डोकं झोतात घातलं. इतकी कर्कश सळसळ झाली की तिने झटकन मान मागे घेतली.

त्या दिवशी दुपारपर्यंत ती गल्लीतल्या दारोदार फिरली. पन्नाशीच्या पुढची तेवीस माणसं तिला भेटली. त्यांतल्या एकोणीस जणांना काही ऐकू आलं नाही. त्यांना दाराची कडी ऐकू येत होती, भांडं पडलेलं ऐकू येत होतं, वरून जाणारं विमानही कळत होतं. बारीक, वरच्या पट्टीचा तेवढा आवाज त्यांच्यासाठी जगातून नाहीसा झाला होता. मागांच्या धडधडाटाने त्यांच्या कानांतला तोच भाग आधी मारला होता. आणि चाहूल नेमकी त्याच पट्टीत बोलत होती.

तिने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून पुण्याला फोन लावला. मुख्य कार्यालयातले कौस्तुभ राजवाडे तिचे वरिष्ठ होते, आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू म्हणतेस ते आम्हाला अगदीच नवीन नाही," ते म्हणाले. "चाचण्या विशी-तिशीतल्या मुलांवर झाल्या होत्या. वयस्कर माणसांचा प्रश्न निघाला होता, मागे पडला."

"मग खालच्या पट्टीचा आवाज लावा ना, सर. घुमणारा. तो यांना ऐकू येतो."

"खालच्या पट्टीचा आवाज झोतात बांधता येत नाही, प्रणिता. तो पसरतो. सगळ्या रस्त्याला ऐकू जातो. मग हॉर्न काय वाईट होता? शांत शहर म्हणून तर आपण ही यंत्रणा विकली."

"म्हणजे यंत्रणेत दोष आहे."

"यंत्र ठरल्याप्रमाणे चालतंय. वॉरंटी यंत्राची असते. ऐकणाऱ्याच्या कानाची कशी देणार? तू 'दोष आढळला' लिहिलंस तर ती एक गाडी राहणार नाही. सगळ्या गाड्या परत येतील. विचार कर."

तिने विचार केला. संध्याकाळी केंद्रात बसून तिने दाखल्यावर पहिल्या चौकोनात खूण केली आणि कारणाच्या रकान्यात तेवीस माणसांची नोंद लिहिली. संगणकाने दाखला स्वीकारला नाही. 'मोजमापे निष्कर्षाशी विसंगत' अशी लाल ओळ आली. तिने पुन्हा भरला, पुन्हा तीच ओळ आली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून दाखला थेट पोलिसांकडे गेला. त्यावर लिहिलं होतं: दोष आढळला नाही.

अल्ताफवर गुन्हा दाखल झाला आणि त्याचा गाडी चालवण्याचा परवाना निलंबित झाला. प्रणिताने तेवीस जणांची नोंद हाताने लिहून त्याच्या वकिलाकडे दिली. त्यानंतर आठवड्याभरात तिच्याकडचा तपासणीचा अधिकार काढून घेतला गेला आणि तिला सुट्या भागांच्या गोदामात बसवण्यात आलं. महिन्याअखेर सगळ्या गाडीमालकांना कंपनीचं पत्र गेलं. वॉरंटीच्या अटींत एक ओळ वाढली होती. 'समोरील व्यक्तीची श्रवणक्षमता या हमीत समाविष्ट नाही.' पत्राबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बहुतेकांनी ते वाचलंही नसावं.

जॉबर गल्लीतली माणसं मात्र बदलली. म्हातारी माणसं भिंतीला हात लावून चालू लागली. चार पावलं चालायची, थांबायची, मागे वळून बघायची. काहींनी बाहेर पडणंच सोडलं.

अल्ताफ एका दुपारी गोदामात आला. चालत आला होता. नमुने पोचवायचं काम गेलं होतं, तो आता एका दुकानात कापड मोजायला उभा राहत होता. "मॅडम, तेरदाळेआण्णांकडं जायचंय मला," तो म्हणाला. "एकट्याला धीर होत न्हाई. तुम्ही याल?"

दोघं गेले. म्हातारा आता कॉटवर उशांना टेकून बसू शकत होता. चालणं मात्र होणार नव्हतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. काकूंनी अल्ताफकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यासमोरही ठेवला.

अल्ताफ जमिनीवरच बसला. "आण्णा, चुकलं माझं!" तो मोठ्याने म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही सरकाल."

"कसा सरकंन? तुझ्या गाडीला आवाजच नव्हता."

"होता, आण्णा," प्रणिता म्हणाली. आपण हे का सांगतोय ते तिलाही नीट कळत नव्हतं. "तीनदा आवाज केला होता गाडीनं. नोंद आहे."

"मला?"

"तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणारच नव्हता तो. फक्त तुमच्यासाठी होता."

म्हाताऱ्याने हे मनाशी घोळवलं. जन्मभर यंत्रांशी बोललेला माणूस होता तो. मागात कुठे काय अडलंय ते हात ठेवून ओळखणारा. "कसला होता आवाज?" त्याने विचारलं. "करून दाखव."

प्रणिता कॉटच्या कडेला बसली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिने दातांमधून सळसळ काढली, वाळक्या पानांसारखी. म्हातारा तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा काढली, जोरात. त्याने पुन्हा मान हलवली, आता थोडं ओशाळून, जणू चूक त्याची होती.

मग तिने श्वास घेतला आणि गळ्यातून, छातीतून, जमेल तितका खालचा हुंकार काढला. खोलीभर तो घुमला. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी वळून पाहिलं. गल्लीतून जाणारी एक बाईही थांबून आत डोकावली.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला.

"हां! ह्यो आला की ऐकू," तो म्हणाला आणि त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "मग ह्योच का न्हाई लावला रं, पोरांनो?"