खलासच्या पुढचं बोलणं

दार उघडलं आणि आधी वाळू आत आली, मग युसुफ.

बाहेर वाळवंटाकडचं वारं सुटलं होतं. फटीफटीतून पीठ चाळल्यासारखी वाळू आत शिरत होती. अनीसाच्या नोकरीचा पहिलाच आठवडा. समोर कापायला काढलेली टेप पसरली होती, तिच्यावर तिने दोन्ही हात पालथे घातले.

"दार लावा आधी," ती उर्दूत म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "बाय माझे, सगला सत्यानाश..."

दारातला माणूस भुवयांपर्यंत पांढरा झाला होता. खांद्यावरचा जड रेकॉर्डर मात्र त्याने शर्टाच्या आत पोटाशी धरला होता, लेकरू धरावं तसा. तिचं बोलणं ऐकून तो जागीच हसला.

"काय गो, रत्नागिरीची ना?"

"गो कुणाला म्हणता?"

"चुकलो. मी म्हसळ्याचा. किती दिवसांनी गावचं बोलणं कानावर आलं... जीभ घसरली."

"मग जीभ पुसून घ्या. तिच्यावरही वाळू असेल."

अशी ओळख झाली.

साल ब्याऐंशीचं. दोहाच्या रेडिओवर संध्याकाळी उर्दूतून ‘शहरनामा’ लागायचा. दुसऱ्या बातम्यांत लढाया आणि तेलाचे भाव असत. शहरनाम्यात मात्र नजमा वस्तीतल्या गल्लीत पाण्याचा टँकर का आला नाही, बंदरावर कोणतं जहाज लागलं, इस्पितळात नाव न सांगता आलेला माणूस कोण, हे असायचं. ही बातमी गोळा करून, बोलून आणायची युसुफने, आणि ब्लेडने कापून, चिकटपट्टीने जोडून नीट करायची अनीसाने. खोकला, अडखळणं, लांबलेला श्वास... सगळं काढायचं. काढलेले तुकडे टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचे; न जाणो, एखादा परत लावावा लागला तर.

"तुमचे थांबे फार," ती म्हणाली.

"विचार करतो ना बोलताना."

"विचार आधी करावा, मग बोलावं. माझी बोटं सोलवटली."

"बरं. तुझ्या बोटांसाठी पटपट बोलेन."

एवढं बोलणंसुद्धा क्वचितच. खोलीत माणसांची ये-जा. अनीसाला सोडायला-न्यायला तिचा भाऊ अबूबकर गाडी घेऊन फाटकाशी उभा. परक्यांच्या दारात बेधडक शिरणारा युसुफ तिच्यासमोर आला, की सलाम करायचा आणि बुटांकडे बघत राहायचा.

पण त्याची एक रीत होती. बातमी बोलून झाली की शेवटी तो म्हणे, "खलास." तिथे अनीसाने कापायचं, पुढची टेप संध्याकाळी पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरात यायची. एका दुपारी तिने खलासला यंत्र थांबवलं नाही, आणि कानात त्याचाच आवाज आला, यावेळी मराठीत.

"अनीसा... कँटीनची भजी आज खाऊ नकोस. तेल कालचं आहे."

तिने दुपट्टा तोंडाशी धरला. खोलीच्या काचेपलीकडे युसुफ भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचत होता.

मग ते रोजचंच झालं. खलासच्या पुढे कधी म्हसळ्याचा पूल यायचा, कधी त्याच्या आईची खोड, कधी नुसतंच, "काल तू पिवळं घातलं होतंस... बरं दिसलं." सगळ्या शहराची बातमी आधी, आणि शेवटी तिची एकटीची. तिच्याकडून उत्तर जायचं ते काचेतून, डोळ्यांनी.

त्या नादातच घोटाळा झाला. एका संध्याकाळी रीळ उलटं गुंडाळायचं ती विसरली, आणि युसुफचा आवाज सबंध दोहात उलटा, मागून पुढे वाजला. नजमात राहणारा सांगलीकडचा वेल्डर केरबा युसुफला नंतर म्हणाला, "आमाला वाटलं, सायबानं नवीन भाषा काढली."

अनीसाचे वरिष्ठ गुरुप्रसाद कारवारचे. ते ओरडले नाहीत, तेच वाईट.

"अनीसा, वरचे लोक विचारतायत, शहरनामा ऐकतं कोण? बंद करायला त्यांना निमित्त हवं होतं. ते तू दिलंस." ते चष्मा पुसत राहिले. "कामाच्या वेळी काम. त्याने खलास म्हटलं, की तुझंही खलास."

तिने मान खाली घातली आणि मनाशी शपथ घेतली. त्या दिवसापासून खलासच्या पुढे तिने ऐकलं नाही. हे युसुफला सांगायला मात्र तिला धीर झाला नाही. सांगायचं तरी काय? तुम्ही बोलता ते मी ऐकत होते, हे आधी कबूल करावं लागलं असतं.

काचेतून ती आता हसेना. युसुफ बुटांकडे अधिकच बघू लागला.

शेवटी वरून निरोप आला. ऐकणारे आहेत हे दाखवा, नाहीतर महिनाअखेर बंद. आणि शहरनामा बंद, म्हणजे युसुफचा व्हिसाही बंद. तो रेकॉर्डर घेऊन नजमातल्या खोल्याखोल्यांतून फिरला. दाटीवाटीने राहणारे गवंडी, ड्रायव्हर, फिटर माइकसमोर आले. केरबा म्हणाला होता, "बाकीच्या रेडिओवर दुनिया येती. ह्याच्यात आमची गल्ली येती."

ती टेप अनीसाने कापली, तशी आधी कुठलीच कापली नव्हती. तो राहणार की जाणार, हे तिच्या ब्लेडवर होतं. एकही खोकला राहू दिला नाही. शेवटी युसुफ म्हणत होता, "और हम... सब यही चाहते हैं कि यह आवाज़ बनी रहे." त्या ‘हम’नंतर थांबा होता, चांगला लांब. तिचा हात क्षणभर थबकला. असा थांबा त्याने कधी घेतला नव्हता. मग गुरुप्रसादांचे शब्द आठवले, आणि तिने तो अलगद काढून टेबलाच्या कडेला चिकटवला.

खलास आलं. तिने कापलं. उरलेलं रीळ पुसायच्या खोक्यात टाकलं.

कार्यक्रम असा झाला की गुरुप्रसादांनी स्वतः चहा मागवला. पण वरच्यांचं आधीच ठरलेलं होतं. शहरनामा बंद झाला.

युसुफ निरोप घ्यायला आला. यावेळी त्याने बुटांकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"सफाईदार काम केलंस. एक थांबा ठेवला नाहीस."

"तुमच्यासाठीच केलं," ती म्हणाली. 

"हो... कळलं ते." तो जरासा हसला. "खुदा हाफिज, अनीसा."

काहीतरी बोलायचं राहिलं, असं तिला वाटलं. तो दारापर्यंत गेला, दार लावताना वळला नाही. आज वाळूही आली नाही आत.

काही दिवसांनी, कचेऱ्या दुपारच्या बंद असताना, युसुफने त्याच्या खोलीत ठेवून गेलेला रेकॉर्डर परत द्यायला केरबा आला. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"बाई, लहान तोंडी मोठा घास हाय. पर एक थांबा ठिवला असता, तर काय गेलं असतं तुमचं?"

"कसला थांबा?"

"आता मला कशाला बोलायला लावता... आमच्या खोलीत टेप भरली त्यानं. खलास म्हनला, समद्यांला बाहेर काढलं. मी मोरीत चहाची भांडी धूत होतो, ते त्याच्या ध्यानात न्हाई." केरबाने खिडकीकडे बघितलं. "म्हनला, अनीसा, मी तुझ्या घरी मागणं घालू का? तुझं हो असंल, तर ‘हम’च्या पुढला थांबा काढू नगंस. ऐकंल समदं दोहा, पर कळंल मला एकट्याला."

अनीसाने टेबलाची कड धरली.

"मग हाटेलात बसला रेडिओला कान लावून. कार्यक्रम सपला तरी कान काढंना. चहावर साय धरली... मीच म्हनलं, ऊठ गड्या."

"मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. "खलासच्या पुढचं... मी ऐकणं सोडलं होतं."

केरबाने खिसा चाचपला. "मग त्याला कळवूया की. पत्ता हाय माज्यापाशी."

"तो घरी पोचला असेल ना?"

"व्हय. आईनं पोरगी बघून ठिवलीवती. हितनंच फोन करून हो म्हनला आनि गेला."

"मग तिकडे एका मुलीला त्याचं हो मिळालंय, केरबाभाऊ. ते मी कसं कापू?"

केरबाने टोपी घातली. दार आवाज न करता लावून घेतलं.

टेबलाच्या कडेला त्या दिवशीचे तुकडे अजून तसेच होते. कार्यक्रमच उरला नव्हता, तर झाडणार कोण? सगळ्यांत लांब तुकडा तिने नखाने सोडवला, दोन्ही बाजूंना कोरी टेप जोडली, यंत्रावर चढवला आणि कानाला हेडफोन लावले.

नजमातला पंखा. लांब कुठेतरी भांड्याचा आवाज. आणि युसुफचा आत घेतलेला, धरून ठेवलेला श्वास. संपलासुद्धा.

तिने टेप मागे घेतली. पुन्हा लावली.

यावेळी त्या श्वासात ती हळूच "हो" म्हणाली. बरोबर बसलं. तो थांबा एका ‘हो’ला पुरेल एवढाच होता.