शीतल पाईकरावच्या नावाचं पान

"माफीनाम्यावर सही करणार न्हाई म्हणजे न्हाई!" शीतल पाईकरावने तो कागद धनसिंग राठोडच्या टेबलावर आपटला.

वसमतच्या बसस्टँडमागे धनसिंगचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. एस.टी.त वीस वर्षं तिकिटं तपासल्यामुळे माणूस थाप मारतोय हे त्याला लगेच कळे. सोबतीला बंडोपंत, निवृत्त मास्तर. त्यांनाही सगळं कळायचं, फक्त शेवटच्या स्टॉपवर.

"बैजवार सांगा," धनसिंग म्हणाला.

"कॉलेजात आठ कॉम्प्युटर, प्रिंटर एक. तो मुकुल सरांच्या मशीनला जोडलेला. लोक फ्लॉपी घेऊन त्यांच्यापुढं ताटकळायचे. मी एका जुन्या मशीनवर युनिक्स नावाची सिस्टीम टाकली, तारा ओढल्या. आता कुठूनबी छापा, काम त्या मशीनमधूनच प्रिंटरला जातं. अन् प्रत्येक कामाआधी नावाचं एक पान निघतं. कोणी छापलं, कधी छापलं."

"मग बिघडलं कुठं?"

"बारावीच्या सराव परीक्षेचा गणिताचा पेपर फुटला. काल सकाळी पोरांच्या हातात झेरॉक्स होत्या. मूळ कागदावर माझ्या नावाचं पान लावलेलं सापडलं. संस्थेच्या सचिवांनी सगळ्या स्टाफसमोर मला चोर म्हणलं. आज पाचपर्यंत सही, न्हाई तर पोलीस."

"पण मशीनमध्ये नोंद असेल ना?" बंडोपंतांनी विचारलं.

"हाय की. सचिव म्हणतात, मशीन तुझी, नोंद तुझी, तूच बदलली असशील." तिचा आवाज चढला. "नोकरी गेली तर जाऊ द्या. माझा बाप जळबा कुरुंद्याला लोकांची हळद शिजवतो. त्याचं नाव चोराचा बाप म्हणून निघू देणार न्हाई मी."

धनसिंगने चप्पल पायात सरकवली.

कॉलेजात सचिव पुनमचंद यांनी फाइल पुढे केली. "पेपर तीनच माणसं उघडू शकत होती. शीतलबाई, टायपिस्ट रेवतीबाई अन् परीक्षाप्रमुख मुकुल सर. पुरावा बराबर हाय. उगीच तकलीफ घेता."

दोन पानं टाचलेली होती. पहिल्यावर इंग्रजी अक्षरांत शीतलचं नाव, ५ फेब्रुवारी, दुपारी १२.१०. दुसरं पान म्हणजे पेपर. धनसिंगने ते उलटलं. कागद पाठकोरा होता. मागच्या बाजूला रेवतीबाईंच्या नावाचं जुनं पान छापलेलं: ६ फेब्रुवारी, सकाळी ११.२०.

"कागदाची काटकसर चांगली करता," धनसिंग म्हणाला. सचिव खूश झाले.

मग त्याने हजेरीबुक मागितलं. शीतलच्या ओळीत ६ तारखेला सचिवांच्याच अक्षरात होतं, 'परीक्षा फॉर्म घेऊन हिंगोली, दिवसभर'.

मुकुल सर परीटघडीच्या शर्टात आले. "बुधवारी साडेबाराला ही दोन्ही पानं मी ट्रेमधून एकत्र उचलली. सहकारी बाई, म्हणून लगेच बोललो नाही. कपाटात कुलूपबंद ठेवली आणि काल पेपर फुटल्यावर काढली."

"मधी कपाट कोणी उघडलं?"

"शक्यच नाही. किल्ली माझ्या खिशात."

"पोरांच्या शिकवण्या घेता म्हणे?"

"जवळा बाजारला. तो काही गुन्हा नाही."

रेवतीबाई रडकुंडीला आल्या होत्या. "मी फक्त पेपर टाइप केला हो. बाकी मला काही माहीत नाही."

"नावाची पानं नंतर कुठं जातात?"

"एका बाजूनं कोरीच असतात ना. दुपारच्या सुट्टीत गोळा करते, उलटी करून परत ट्रेमध्ये घालते. सचिवांचा हुकूम आहे."

"मागं काय छापलंय, ते कोणी बघतं?"

"पाठकोऱ्याची मागची बाजू कोण वाचतंय, साहेब?"

"शीतलबाई, बुधवारी तुमी काय छापलं होतं?"

"फॉर्मची यादी. बारा वाजता."

साडेचारला धनसिंगने सगळ्यांना सचिवांच्या खोलीत बोलावलं.

"मशीनची नोंद मी उघडलीच न्हाई," तो म्हणाला. "तुमचा तिच्यावर भरवसा न्हाई ना? मग कागदावर तरी ठेवा. मुकुल सर म्हणतात, हा पेपर बुधवारी, पाच तारखेला हाती आला. आता तो उलटा करा, सचिव."

पुनमचंदांनी पान उलटलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सहा तारीख?"

"गुरुवार. सकाळी ११.२०."

बंडोपंत पुढे सरसावले. "थांब. पेपर बुधवारीच निघाला असेल आणि रेवतीबाईंचं नाव गुरुवारी त्याच्या पाठीवर छापलं गेलं असेल. असं होऊ शकतं!"

"मास्तर, आज तुमी लवकर पोचलात. व्हय, होऊ शकतं. पण त्यासाठी हा कागद गुरुवारी प्रिंटरमधी असायला पाहिजे. अन् बुधवारपासून तो कुठं होता? मुकुल सरांच्या कपाटात. किल्ली खिशात."

पुनमचंदांनी मुकुल सरांकडे पाहिलं.

"म्हंजी सर खोटं बोलले. रेवतीबाईंनी गुरुवारी दुपारी ती पानं ट्रेमधी घातली, त्यानंतर त्यातल्याच एकावर पेपर निघाला. त्या दिवशी शीतलबाई हिंगोलीत होत्या, सचिवांच्या हुकुमानं. शिकवणीच्या पोरांना पेपर पोचवला सरांनी. काल बोंब झाली, तेव्हा कोणाच्या तरी गळ्यात मारायचा म्हणून पेपरावरचं स्वतःच्या नावाचं पान काढून टाकलं अन् रद्दीतून शीतलबाईंच्या नावाचं पान शोधलं. गुरुवारचं मिळणार कसं? बाई नव्हत्याच. बुधवारचं सापडलं, तेच टाचलं. पाठकोरा कोणी वाचत न्हाई, ही सवय सरांनापण होती."

मुकुल सरांचा चेहरा उतरला होता. "आधी प्रिंटर माझ्या टेबलावर होता," ते पुटपुटले. "काय छापतो, कुणासाठी छापतो, कुणी विचारत नव्हतं. ही आली आणि प्रत्येक कागदावर नाव पडायला लागलं."

"आपलंच नाव पडलं म्हणून रडून राहिलात?" शीतल कडाडली. "माझं टाकताना हात थरथरला न्हाई तो?"

सरांना उत्तर सुचलं नाही. सांगायला आनंद वाटतो, की ते सुचायला नंतर बराच वेळ मिळाला. पोलीस ठाण्यातल्या बाकावर दुसरं काही कामच नव्हतं.

पुनमचंदांनी घसा साफ केला. "शीतलबाई, झालं गेलं विसरा. सोमवारपासून या कामावर. पोरीसारख्या आहात मला."

"चोर म्हणलं तेव्हा किती लोक होते, सचिव?"

"असतील… तीसेक."

"बोलवा तितके."

शिपाई वर्गावर्गांतून धावला. दहा मिनिटांत पटांगणात सगळा स्टाफ जमला. पुनमचंद पायरीवर उभे राहिले, रुमालाने मान पुसली आणि शेजारी ठेवलेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा, बाई. आधी बसा तर खरं."

"उभीच बरी हाय मी," शीतल म्हणाली. "तुमी बोला. जरा मोठ्यानं."