पणजोबा उलटे का चालायचे?

“हेच ते घर! अगदी शंभर टक्के!” गाइडने निळ्या दारावर थाप मारली.

काका लगेच फोटो काढत सुटले. दाराचा फोटो, खिडकीचा फोटो, कडीकोयंड्याचाही फोटो! आजोबांचं लहानपणीचं घर बघायलाच तर सगळे सुट्टीत इथवर आले होते.

पण भिंगरीचं लक्ष आजोबांकडे होतं. एका जागी ठरत नाही म्हणून तिला घरात सगळे भिंगरीच म्हणत. आजोबा उंबऱ्यापाशीच घुटमळत होते.

“हे नव्हे रे,” ते पुटपुटले. “माझे बाबा दिवसभर उलटे चालायचे. एवढ्याशा खोलीत कसे चालतील?”

“उलटे?” गाइड फिसकन हसला.

“अप्पा, तुम्ही तेव्हा केवढेसे होतात! कशाला डोक्याला ताण देता?” काका म्हणाले आणि पुढचा फोटो काढायला वळले.

लॉजवर आजोबा नीट जेवलेही नाहीत. “भिंगरे, मला भ्रम व्हायला लागलाय का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

सकाळी भिंगरीला चैन पडेना. काकांचा मुलगा ढब्बू आदल्या दिवशी गाडीतच झोपून राहिला होता. त्याला ओढत ती बाहेर पडली. भिंगरीची धाकटी बहीण, जिला सगळे शेपूट म्हणत, न बोलावता मागे आलीच!

कोपऱ्यावर तिघंही थबकली. निळ्या दारासमोर गाइड आणि एक नवंच कुटुंब!

“हेच ते घर! तुमच्या पणजोबांचा दवाखाना!”

“लबाड कुठला!” भिंगरी उसळली.

“शू!” ढब्बूने तिचा हात धरला. “मला त्याने पाहिलेलं नाही. शेपटे, पळ! बाबांना घेऊन ये!”

ते कुटुंब निघून गेलं. धापा टाकत आलेल्या काकांना भिंगरीने एका हातगाडीमागे दडवलं. ढब्बू साळसूद चेहऱ्याने पुढे झाला.

“इथे आमचे पणजोबा राहायचे म्हणे. जिराफ पाळायचे.”

“जिराफवाले ना? त्यांना कोण ओळखत नाही! हेच ते घर!”

“मग दार एवढं बुटकं कसं?”

गाइड क्षणभर अडखळला. “जिराफ... वाकून आत यायचे!”

“आणि आमचे अप्पा?” काका लालबुंद होऊन समोर आले. “तेही वाकूनच यायचे का?”

गाइडने जी धूम ठोकली, ती वळून न बघता!

“मी अप्पांचं नीट ऐकूनच घेतलं नाही,” काका खजील होऊन म्हणाले.

भिंगरी धावत आजोबांकडे पोहोचली. “आजोबा, पणजोबा उलटे का चालायचे?”

“अगं, दोर वळायचे ना! कमरेला ताग गुंडाळायचा, एक टोक चाकाला अडकवायचं आणि दोर वळत वळत मागे जायचं. जेवढा लांब दोर, तेवढं चालणं!”

“म्हणजे लांबच लांब जागा हवी! चला!”

मग गल्ल्यांमागून गल्ल्या पालथ्या घातल्या. कुठे जागा आखूड, कुठे इमारत नवी. पाय दुखायला लागले, तरी भिंगरी कोणाला बसू देईना. शेवटी लाकडाच्या वखारीमागे ती दिसली, थांबलेल्या आगगाडीसारखी अरुंद आणि लांबलचक शेड! आत भाड्याने द्यायच्या खुर्च्यांच्या चळती होत्या.

“बघा हवं तर, पण खुर्च्या पाडू नका!” मालकीणबाईंनी कुलूप काढलं.

आजोबा आत शिरले. त्यांनी पाठ फिरवली आणि ते उलटे चालू लागले.

“अप्पा, पडाल!” काका धावले. भिंगरीने त्यांची बाही धरून ठेवली.

मध्येच आजोबांनी मागे न बघता एक पाऊल बाजूला टाकलं. जिथे पाय पडला असता, नेमका तिथेच जमिनीतून एक दगड वर आला होता!

“बाबा रोज ओरडायचे,” आजोबा ओल्या डोळ्यांनी हसले. “म्हणायचे, दगड सांभाळ!”

काकांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. “शाबास रे पोरांनो! आम्हा मोठ्यांना जे कळलं नाही, ते तुम्ही शोधून काढलंत.”

आजोबांना आता कुठे दम निघत होता! “मागच्या बाजूला ओढा होता. तिथे मी पोहायला शिकलो. अरे, उभे काय राहिलात?”

आणि ते एवढ्या झपझप निघाले, की भिंगरीलासुद्धा त्यांना गाठायला पळावं लागलं!