साठ मागांच्या गोंगाटात

"किती गोड दिसते ही!"

नवा इंजिनिअर पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून हे म्हणाला... म्हणजे स्वतःशीच, साठ मागांच्या खडखडाटात, वीस पावलांवरून. त्याला वाटलं, कुणाला ऐकू जाणार आहे?

बाहेरगावचा ना बिचारा! आमच्या शहरात नदीकाठी आधी कापडगिरणी आली, मग तिच्याभोवती घरं. तीन पिढ्या या गोंगाटात राबून आम्ही बायका ओठ वाचायला शिकलो. इथल्या जावा-जावा नदीच्या दोन काठांवरून आवाज न करता भांडतात.

साहजिकच, आमच्या सगळ्या माग विभागाने ते वाचलं. "लाजतेस काय? उत्तर दे की!" शेजारच्या मागावरच्या मावशीचे ओठ म्हणाले. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओठांवर "आज वेणी घातलीय" आलं, आणि मला रोज मान वर करायची सवयच लागली.

बुधवारी काचेच्या केबिनमध्ये मालक त्याला काहीतरी बजावत होते. विजेवर माग परवडत नाहीत. नदीवरचं जुनं टर्बाइन शनिवारपर्यंत फिरलं नाही, तर विभाग बंद! काचेआडूनही मी सगळं वाचलं.

सुट्टी होताच मी बंधाऱ्यावर गेले. पाण्याच्या आवाजात तो डोकं धरून पुटपुटत होता, "सगळं बरोबर आहे, मग अडतंय कुठे?"

"बंधाऱ्याची दोन्ही दारं एकदम उघडताय!" मी त्याच्या कानाशी ओरडले. "माझ्या बाबांनी तीस वर्षं हे टर्बाइन चालवलं. आधी डावं दार, गाळ वाहून गेला की मग उजवं."

तो दचकला. "पण मी बोललो ते... इतक्या आवाजात ऐकू आलं तुम्हाला?"

"ओठ वाचले."

"म्हणजे... पहिल्या दिवशीचं—"

"तेही. वेणीचंही."

"आणखी कुणी वाचलं?"

"सगळ्यांनी!"

त्याचे कान लालबुंद झाले. मला हसू आवरेना.

शनिवारी त्याने आधी डावं दार उघडलं. गढूळ पाणी धो-धो वाहून गेलं, मग उजवं... आणि टर्बाइन फिरलं! साठच्या साठ माग नदीच्या जोरावर धडधडू लागले. मालकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मावशी रडत होती, हसत होती.

तो चिखलाने माखलेला विभागाच्या दारात आला. या वेळी स्वतःशी नाही— माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून, सगळ्यांना वाचता येईल असं म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"हो!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. त्या गोंगाटात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

पण त्याने वाचला.